६० हजारांचा मदरबोर्ड आणि देवबागची खारी हवा

मालवणजवळच्या देवबागहून एका मुलाने विचारलं आहे. नोकरीला लागून वर्ष झालंय, साठवलेल्या पगारातून गेमिंग पीसी बांधतोय. प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८० हे त्याचं ठरलेलं आहे. मदरबोर्डसाठी त्याने ६० हजार बाजूला काढून ठेवलेत. घर समुद्रापासून दीडशे पावलांवर. तो विचारतो, "काका, एक्स८७०ई मधला वरचा बोर्ड घेतला तर गेममध्ये फरक पडेल ना? आणि महाग बोर्ड खाऱ्या हवेत जास्त टिकेल ना?"

बाळा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून तुझं काम होणार नाही. कुडाळला दुकान टाकून मला वीस वर्षांवर झाली. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतचे मेलेले बोर्ड माझ्या टेबलावर येतात. त्यात स्वस्त बोर्ड असतात तसे फार महागडेही असतात, आणि ते कशाने मेले हे पाहिलं की बोर्ड निवडताना काय बघायचं ते आपोआप कळत जातं.

आधी गेमचं बोलू. गेममधली फ्रेम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून तयार करतात. बोर्डाचं काम त्यांना स्वच्छ वीज देणं आणि एकमेकांशी जोडून ठेवणं. ते काम नीट झालं की त्यापुढे बोर्ड कितीही भारी असला तरी फ्रेम वाढत नाहीत. वीज किती लागते तेही बघ. ९८००एक्स३डी कंपनीच्या मर्यादेत जास्तीत जास्त १६२ वॅट ओढतो, गेममध्ये त्याहून बराच कमी. सव्वा व्होल्ट धरला तर १६२ वॅट म्हणजे साधारण १३० अँपिअर. आता बोर्डाच्या खोक्यावरचं '१४+२+१ फेज, ८० अँपिअर' वाच. फेज म्हणजे वीज पुरवणारा एकेक भाग, आणि ८० अँपिअर ही त्या प्रत्येकाची क्षमता. त्यातले पहिले चौदा फेज मुख्यतः प्रोसेसरच्या कोअरसाठी, म्हणजे कागदावर ११२० अँपिअर. गरजेच्या आठपटींहून जास्त. १८ किंवा २० फेजचा बोर्ड घेतलास तर तो आकडा आणखी फुगेल, पण तुझा प्रोसेसर तेवढेच १३० अँपिअर घेणार. १६ कोअरचा ९९५०एक्स३डी घेऊन दिवसभर व्हिडिओ रेंडर करणार असतास तर मी थोडा वेगळा विचार केला असता. तेव्हासुद्धा १४ फेज पुरले असते.

फेजच्या संख्येपेक्षा त्यांच्यावर बसवलेल्या हीटसिंकचं वजन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मे महिन्यात तुझ्या खोलीत ३३-३४ अंश असणार, दुपारी दोन तास लाइट गेली की पंखाही नाही. बोर्ड हातात घेतला की कळतं, हीटसिंक धातूचा भरीव ठोकळा आहे की वरून नुसतं प्लॅस्टिकचं झाकण आहे. शक्य असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊनच बघ.

आता चिपसेट, म्हणजे पोर्ट आणि जादा एसएसडी सांभाळणारी बोर्डावरची चिप. एक्स८७०ई हे तिचंच नाव. याबद्दल बाजारात फार गोंधळ आहे. एएम५ सॉकेट, म्हणजे तुझा प्रोसेसर बोर्डावर ज्यात बसतो ती जागा, २०२२ मध्ये आलं. त्यावरचे एक्स८७० आणि एक्स८७०ई सप्टेंबर २०२४ मध्ये आले आणि बी८५० पुढच्या जानेवारीत. एक्स८७० आणि बी८५० या दोन्हींत चिपसेटचा एकच तुकडा असतो. एक्स८७०ई मध्ये तसेच दोन तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे पोर्ट वाढतात, जादा एसएसडीची जागा मिळते. पण दोन्ही तुकडे मिळून प्रोसेसरशी बोलतात ते त्याच चार लेनमधून, म्हणजे डेटाच्या वाटांमधून. घराला खोल्या वाढवल्या पण पाणंद तेवढीच अरुंद राहिली, असं समज. ग्राफिक्स कार्ड आणि पहिली एसएसडी तर चिपसेटकडे जातच नाहीत, ती थेट प्रोसेसरला जोडलेली असतात. मग गेमला चिपसेटचा फरक कुठून कळणार?

एक्स८७० आणि एक्स८७०ई या दोन्हींवर यूएसबी४ असावंच लागतं, ४० जीबीपीएस वेगाचं. कामाला बाहेरची फार वेगवान एसएसडी लावत असशील तर त्याचा उपयोग आहे. नसशील तर तो पोर्ट झाकून राहील, आणि वर त्याची एक किंमत मोजावी लागते जी खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते. यूएसबी४ ची चिप प्रोसेसरच्या चार लेन घेते. बऱ्याच बोर्डांवर या लेन एसएसडीच्या दुसऱ्या एम.२ स्लॉटबरोबर वाटून घेतलेल्या असतात. काही महागड्या बोर्डांवर तर दुसऱ्या जेन५ (लेनची पाचवी पिढी, जेन४ च्या दुप्पट वेगाची) स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या आठ होतात. जेन५ च्या आठ लेन म्हणजे जेन४ च्या सोळा, त्यामुळे ५०८० ला फारसं जाणवणार नाही. पण वरचे पैसे मोजून घेतलेल्या बोर्डावर अशी तडजोड का करायची? म्हणून घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घे आणि कुठला स्लॉट भरल्यावर कुठला बंद होतो किंवा अर्धा होतो, ते पान शोध. माझ्या मते मदरबोर्ड घेताना वाचायचं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच.

बी८५० मध्येही एक गोष्ट तपासावी लागते. त्यात पहिल्या एसएसडीला जेन५ असतं, पण ग्राफिक्सच्या स्लॉटला जेन५ देणं कंपनीच्या मर्जीवर आहे, काहींनी जेन४ च दिलंय. आज फरक थोडा आहे, पण बोर्ड पाच-सहा वर्षं वापरायचा तर जेन५ असलेला घे. एएमडीने एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं सांगितलंय, म्हणजे याच बोर्डावर पुढचा प्रोसेसर बसण्याची शक्यता आहे. इंटेलचं विचारलं नाहीस, तरी एवढं सांगतो की तिकडे झेड८९० बोर्डांचं सॉकेट वेगळं आहे आणि निव्वळ गेमसाठी तुझी निवड बरोबर आहे.

मॉडेलचं नावच हवं असेल तर एमएसआयचे दोन बोर्ड शेजारी ठेवून बघ: मॅग बी८५० टॉमाहॉक मॅक्स वायफाय आणि मॅग एक्स८७० टॉमाहॉक वायफाय. दोन्हींवर १४+२+१ फेज, ८० अँपिअर. दोन्हींवर ५ जीबीपीएस लॅन आणि वायफाय ७. मोठा फरक यूएसबी४ चा. तुला मी बी८५० सांगेन. एसुसचा टफ गेमिंग बी८५०-प्लस वायफाय मिळाला तरी माझी ना नाही. यांतला कुठलाही बोर्ड तुझ्या ६० हजारांच्या साधारण निम्म्यात बसेल, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

महागड्या बोर्डांवरच्या एका सोयीचा मात्र मला खरंच लोभ आहे, ती म्हणजे दोन आकड्यांचा एरर कोड दाखवणारा डिस्प्ले. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जवळ राहणाऱ्याला त्याची गरज नाही, बोर्ड उचलला आणि दुकानात नेला. तू देवबागला आहेस, सुटे भाग बदलून बघायला शेजारी कोणी नाही. तो कोड फोनवर मला सांगितलास तर निम्मं निदान तिथल्या तिथे होतं. तो नसेल तर निदान सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे लाइट तरी बोर्डावर हवेतच. दुसरी सोय बायोस फ्लॅशबॅकच्या बटणाची. बायोस म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. ही गोष्ट हलकी समजू नकोस. एप्रिल २०२३ मध्ये आधीच्या पिढीचे ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या, कारण काही बोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी नावाच्या भागाला व्होल्टेज जास्त देत होते. एएमडीने बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२५ मध्येही काही बोर्डांवर ९८००एक्स३डी बंद पडल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यानंतर बायोस बदलली गेली. त्यामुळे नवा बोर्ड हातात आला की पहिलं काम ताजं बायोस टाकण्याचं, विंडोज त्यानंतर. आणि बायोस टाकताना लाइट जाता कामा नये, म्हणून पीसी यूपीएसवर लाव.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे, खाऱ्या हवेकडे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे पुण्या-मुंबईचे लोक तुला सांगणार नाहीत.

मीठ स्वतः कोरडं असेल तर बोर्डाचं फार बिघडवत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून विरघळायला लागतं. बोर्डावर बसलेल्या धुळीत समुद्राचं मीठ असतंच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे चार महिने तुझ्या बोर्डावर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असणार. त्यात वीज असेल तर तांबं, कथील, चांदी सगळं हळूहळू सरकायला लागतं, दोन पिनांच्या मध्ये हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. लक्षात घे, पीसी शटडाऊन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज असतेच. पावसाळ्यात चाकरमानी घर बंद करून मुंबईला जातात, पीसी प्लगला तसाच राहतो आणि गणपतीला परत येऊन बघतात तर बोर्ड मेलेला. असे बोर्ड मी दरवर्षी बघतो. त्यात २० हजारांचा असतो तसा ७० हजारांचाही. तांबं दोघांचं एकच, मीठही तेच. महाग बोर्डावर हीटसिंक आणि झाकणं जास्त असतात, त्यामुळे काही भाग झाकला जातो एवढंच. पण झाकणाखाली साचलेली धूळ साफ करणं त्याच कारणाने अवघड जातं.

यावरचा उपाय फुकट आहे. पीसी रोज चालव. हवा तेवढीच राहिली आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. खोलीत २८ अंशांना ९० टक्के असेल तर ३८ अंशांच्या गरम बोर्डाजवळ ती ५० टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे मिठाच्या रेषेच्या चांगलीच खाली. रोज तासभर गेम खेळणाऱ्या मुलांचे बोर्ड आमच्याकडे कमी येतात, त्याचं कारण हेच. गावाला जाणार असशील तर उलट कर. भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, आणि पीसीवर प्लॅस्टिक नको, जुनं सुती धोतर किंवा चादर टाक. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कॅबिनेटमध्ये ठेवून काही होत नाही, एका दिवसात भरून जातात.

खोलीत एसी असेल तर आणखी एक सावधगिरी. एसी हवा कोरडी करतो, ते चांगलंच आहे. पण रात्रभर २२ अंशांवर एसी चालवून सकाळी बंद केलास आणि लगेच समुद्राकडची खिडकी उघडलीस, तर बाहेरची ओली हवा थंड कॅबिनेटवर आदळते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून येतात तसे पाण्याचे थेंब आत जमतात. एसी बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास खिडकी बंद ठेव, आणि पीसी लगेच चालू करू नकोस.

बोर्डाच्या मागच्या बाजूला जे पोर्ट तू वापरणार नाहीस त्यांत रबरी बुचं घाल, पन्नास-शंभर रुपयांत पाकीट मिळतं. गंज सगळ्यात आधी त्या उघड्या यूएसबी आणि लॅनच्या पत्र्याला लागतो. कॅबिनेट घेताना पुढे बारीक जाळीची, काढून धुता येणारी गाळणी असलेली घे, आणि हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेव, म्हणजे फटीफटींतून धूळ ओढली जाणार नाही. मागच्या पीसीआय स्लॉटच्या पट्ट्या काढल्या असशील तर परत लाव. कौलारू घरात पाली असतात, त्यांना गरम जागा आवडते. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या मागच्या बाजूला अडकून मेलेली पाल मी तीनदा काढली आहे आणि तिन्ही वेळा बोर्ड गेलेला होता.

मग येते वीज. आपल्याकडे विजांचा खरा त्रास भर पावसात कमी, मे महिन्याच्या शेवटाला आणि हस्ताच्या पावसात जास्त. बोर्ड जातो तो नेहमी प्लगमधूनच असं नाही. माझ्याकडे आलेल्या अशा बोर्डांत लॅन पोर्ट जळालेले फार असतात. केबलवाल्याची तांब्याची वायर माडांवरून, खांबावरून फिरत येते, जवळ कुठे वीज पडली की तो झटका वायरीतून थेट बोर्डात. त्यामुळे तू फायबरचंच कनेक्शन घे. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. तरीही गडगडाट सुरू झाला की राउटरची लॅन वायर बोर्डातून काढून ठेव, वायफाय ७ दिलंय ते तेव्हा वापर.

अर्थिंगचं देवबागला वेगळंच गणित आहे. सड्यावर जांभ्या दगडात खड्डा खणून अर्थिंग केलं तर उन्हाळ्यात ते कोरडं पडतं आणि निकामी होतं, तिथे कोळसा-मीठ घालून पाणी घालत राहावं लागतं. तुझ्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, खाली ओली खारट वाळू. अर्थ उत्तम मिळतो, पण लोखंडी पाइप थोड्या वर्षांत कुजून जातो आणि वरून कळतही नाही. तांब्याचा मुलामा दिलेली सळई बसव आणि दर दोन वर्षांनी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे. आम्ही ५ ओहमच्या आत असलं की समाधान मानतो. त्यानंतर मीटरजवळच्या डीबी बॉक्समध्ये, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर बसव. विजेचा झटका तो जमिनीत ढकलतो. अर्थिंगशिवाय तो बसवून काही उपयोग नाही, कारण झटका त्याने ढकलायचा कुठे? स्पाइक बस्टरची पट्टीही अर्थिंगच्याच भरवशावर असते.

यूपीएसचा हिशोब असा. ग्राफिक्स कार्ड ३६० वॅट, प्रोसेसर शंभरच्या आसपास, बाकी भाग आणि मॉनिटर मिळून आणखी दीडशे. एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची, स्वतःची नासाडी धरून भिंतीवर साडेसहाशे वॅटच्या आसपास. म्हणून १००० व्हीएचा, ६०० वॅटचा यूपीएस तुला पुरणार नाही, गेम चालू असताना लाइट गेली की तो किंचाळून बंद पडेल. १५०० व्हीए, निदान ९०० वॅट, आणि प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीवरच्या विजेसारखीच वीज देणारा घे. घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा पीसी लावू नकोस, चांगल्या एसएमपीएसचं त्याच्याशी जमत नाही. एसएमपीएस ८५० वॅटचा, ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा १२व्ही-२x६ कनेक्टर मुळातच असलेला.

हिशोब जुळवून बघ. ६० हजारांतले अर्धे बोर्डाला. उरलेल्यांत यूपीएस, सर्ज प्रोटेक्टर आणि तांब्याची सळई. बोर्ड वाचवण्यासाठी यापेक्षा चांगला खर्च मला माहीत नाही.

रॅम डीडीआर५ पिढीची, दोनच काड्यांची घे, १६-१६ किंवा ३२-३२ जीबी, ६००० वेगाची, सीएल३० (हा प्रतिसादाच्या उशिराचा आकडा), एक्स्पो (एएमडीची तयार वेगाची सेटिंग) असलेली. चार स्लॉट दिसतात म्हणून चार काड्या भरू नकोस. ९००० मालिकेत दोन काड्यांना एएमडीचा अधिकृत वेग ५६०० आहे, चार भरल्या की ३६०० वर येतो. पुढे वाढवू म्हणून आत्ता दोन आणि नंतर दोन, हा विचार डीडीआर५ वर चालत नाही.

खरेदी करताना बिल जीएसटीचं घे आणि बोर्डाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घे. वॉरंटी बहुतेक तीन वर्षांची असते. गंज दिसला की ती नाकारतात हे मी एकदा फार वाईट तऱ्हेने पाहिलंय. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका मच्छीमार कुटुंबाने मुलासाठी महागडा बोर्ड घेतला होता, आठ महिन्यांत बंद पडला. पार्सल गेलं आणि दीड महिन्याने लॅन पोर्टच्या गंजाचा फोटो लावून परत आलं. बिघाड कदाचित दुसऱ्याच कशाचा असेल, पण ते बघितलंच गेलं नाही. त्या रबरी बुचांचा आग्रह मी तेव्हापासून धरतो. दुसरं कारण सॉकेटच्या पिना. एएम५ वर १७१८ पिना बोर्डावर असतात, एक जरी वाकली तरी वॉरंटी गेली. कुरिअरने मागवलास तर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढ, सॉकेटवरचं झाकण काढून पिनांवर उजेड तिरका पाडून फोटो घे, आणि ते झाकण फेकू नकोस, बोर्ड परत पाठवायचा झाला तर ते लावूनच पाठवावा लागतो.

जोडणीला पंख्याखाली बसू नकोस, घाम बोर्डावर पडू देऊ नकोस, आणि हात साबणाने धुऊन कोरडे कर. आपल्या हातावरही मीठ असतंच.

सगळं जोडून पहिल्यांदा चालू केलंस की स्क्रीन काळी राहील आणि डीरॅमचा पिवळा लाइट लागेल. घाबरून बंद करू नकोस. डीडीआर५ रॅम पहिल्या वेळी बोर्डाशी जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, क्वचित दहाही. मधेच बटण दाबलंस तर पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांनीही तोच लाइट असेल तर पीसी बंद करून एकच काडी ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाब आणि परत चालू कर. त्यानेही झालं नाही तर मला फोन कर, पण फोन करण्याआधी कुठला लाइट लागलाय ते बघून ठेव.